शप्पिराने न दिलेली माफी

शप्पिरा गेली तेव्हा तिच्या दाराशी रडायला फार माणसं नव्हती. आमच्या तळ्याकाठच्या तिबेरियात तिच्याबद्दल लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. विखारी बाई, डूख धरणारी बाई, मरणाऱ्यालाही न सोडणारी बाई. बोलू देत. बोलणाऱ्यांच्या घरात चोरी झाली नव्हती. मी तिची शेजारीण, शेलम, खारवलेले मासे विकणारी. भिंतीला भिंत लावून आम्ही जन्म काढला, आणि माझा नवरा या सगळ्यात पुरता अडकलेला, म्हणून मला आतलं-बाहेरचं सगळं माहीत आहे. ज्याला ऐकायचं त्यानं बसावं. नाही त्यानं तळ्यावर जाऊन वारा खावा.

माझ्या नवऱ्याचं, नहोराईचं काम तोंडाचं. आम्हा यहुद्यांच्या पाठशाळेत रब्बी, म्हणजे धर्मगुरू, बसून बोलतात, तेही शिकलेल्यांच्या भाषेत आणि पुटपुटत. मोठ्या माणसाला ओरडणं शोभत नाही म्हणे. ते पुटपुटणं कानात घेऊन, उभं राहून, आपल्या बाजारच्या बोलीत शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणारा तो नहोराई. गावात त्याला ‘तोंड’च म्हणायचे. तोंड आलं का, तोंड आजारी आहे का, असं चारचौघांत विचारायचे, आणि मला ‘तोंडाची बायको’ म्हणून दात काढायचे. त्या कामाचा नियम एकच. कानात आलं तेवढंच बाहेर सोडायचं. पदरचं घालायचं नाही, आलेलं गाळायचं नाही.

शप्पिराचा नवरा गुर्यान. दिवसभर जवसाच्या काड्या भिजवायचा, बडवून तंतू सोडवायचा, आणि शप्पिरा त्या तंतूंचं सूत काढायची. उंच, हाडकुळी बाई. हसताना पुढच्या दोन दातांमधली फट दिसायची म्हणून ओठ मिटून हसायची, आणि गुर्यान तिला मुद्दाम हसवायचा. मूल नव्हतं. दहा वर्षांनंतर लोकांनी त्याला दुसरी कर म्हणून सांगितलं. तो म्हणाला, एकीच्याच चातीला मला बडवून पुरवता येत नाही. त्या दोघांना बघून माझ्या पोटात कधी कधी दुखायचं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी हात धुऊन गुर्यान पाठशाळेत जायचा. तिथं दोन प्रकारचे लोक. एक कायदेवाले. कुणाचा बैल कुणाच्या शेतात शिरला, ताटातलं काय शुद्ध आणि काय अशुद्ध, यावर ते भांडतात. दुसरे मिद्राशवाले. पवित्र पोथीतलं एक वचन घ्यायचं, त्यात जो शब्द पायात काट्यासारखा बोचतो तिथं बोट घालायचं, आणि गोष्ट निघेपर्यंत उकरत बसायचं, याला मिद्राश म्हणतात. कायदेवाले त्यांना हसतात. पण शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी कायदेवाल्यांपुढं चार म्हातारे पेंगतात आणि मिद्राश सांगणाऱ्यापुढं पाय ठेवायला जागा नसते. यातलं लिहून कोणी ठेवत नाही, सगळं या तोंडातून त्या तोंडात जातं. म्हणून नाव लागतं. अमका म्हणतो, तमक्याच्या नावानं. नाव गाळलं की चोरी. आणि आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं की मेलेल्याचं वचन जगात कुणी त्याच्या नावानं सांगितलं, तर थडग्यात त्याचे ओठ हलतात. मूलबाळ नसलेल्याला दुसरं काय असतं?

गुर्यान बोलका नव्हता. आयुष्यात त्याला एकच गोष्ट सापडली. पोथीत पहिला खून आहे, भावानं भावाला शेतात मारलं तो. तिथं म्हटलंय की जमीन तोंड उघडून ते रक्त प्यायली. गुर्यानला ‘तोंड’ बोचलं. जमिनीला तोंड कशाला? वर्षभर तो काड्या बडवताना हेच चघळत होता. मग एके दिवशी भिजलेल्या हातांनीच घरात आला आणि शप्पिराला सांगितलं. देवानं जमिनीला विचारलं, तुला तोंड होतं, मग तू ओरडली का नाहीस? जमीन म्हणाली, माझं तोंड भरलेलं होतं. देव म्हणाला, तुझ्या भरल्या तोंडातून ते रक्तच ओरडलं आणि मला ऐकू आलं. आता यापुढं तू जे गिळशील ते तुला परत द्यावं लागेल. म्हणून जमीन दाणा गिळते आणि कणीस देते, आणि शेवटच्या दिवशी मेलेली माणसंसुद्धा देईल. मी मासेवाली, मला त्यातलं काय कळतंय, पण भिंतीपलीकडून ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

गुर्यानचा अभ्यासातला जोडीदार होता जब्दै. आमच्यात एकटं कोणी शिकत नाही, जोडीनं शिकतात. जब्दै घरचा बरा, बोलायला गोड, दाढीला तेल. गुर्यान तापानं पडला तेव्हा उशाशी तोच होता, आणि शप्पिरा. गुर्यान त्याला म्हणाला, मला मूल नाही, एवढं एकच आहे, ते माझ्या नावानं सांग. जब्दैनं त्याचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं आणि सांगेन म्हणाला. शप्पिरानं ते पाहिलं. गुर्यान त्या रात्री शांत झोपला आणि सकाळी उठला नाही.

आमच्याकडं दर शब्बाथला थोडी थोडी वाचत पोथी शेवटाला जायला तीन-साडेतीन वर्षं लागतात. त्यामुळं त्या खुनाचं वचन येईपर्यंत शप्पिराला थांबावं लागलं. तोवर जब्दै ‘रब्बी जब्दै’ झाला होता. त्या शब्बाथला ती ठेवणीतलं वस्त्र नेसली, लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं डोळ्यांत काजळ घातलं, आणि मला ओढत बायकांच्या बाजूला अगदी पुढं नेऊन बसवलं. रब्बी पुटपुटले. माझ्या नवऱ्यानं छाती भरून घेतली आणि आवाज सोडला, ‘रब्बी जब्दै म्हणतात, जमिनीला तोंड कशाला?’

सगळी गोष्ट सांगितली, शब्दन् शब्द. लोक उठून उभे राहिले. एक म्हातारा रडायला लागला. शप्पिरा शेवटपर्यंत वाट बघत होती, की आता नाव येईल, निदान शेवटी येईल. नहोराईला काही ठाऊक नव्हतं, तो बिचारा लोकांच्या वाहवेनं फुलला होता. मी शप्पिराच्या मांडीवर हात ठेवला तर मांडी दगडासारखी. तिथून ती घरी आली नाही. टेकडीवर गुर्यानच्या थडग्याशी गेली आणि जमिनीला कान लावून पडून राहिली. मी शोधत गेले तेव्हा मला म्हणाली, ‘शेलम, काही हलत नाही गं.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर जब्दैच्या घरी गेले. त्यानं बसायला दिलं, खजूर पुढं ठेवले. म्हणाला, ‘वहिनी, दोघं एकाच दिव्याशी बसून शिकत होतो, कुणाचं कुठलं हे आता कोण सांगणार? आणि खरं बोलू का, काड्या बडवणाऱ्याच्या नावानं सांगितलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं? वचन तर जगलं ना?’ वर हेही ऐकवलं की चारचौघांत माणसाची अब्रू काढणं म्हणजे रक्त सांडणं, तसं करणाऱ्याला परलोकात जागा नाही, सांभाळून. चोर तो चोर, वर शिरजोर! शप्पिरानं एक खजूर उचलला, सावकाश खाल्ला, बी त्याच्या ताटात ठेवली आणि उठली. वाटेत म्हणाली की मी याला मारणार नाही, शिव्याही देणार नाही, मी याला बघणार.

आणि तिनं बघितलं. त्या दिवसापासून रब्बी जब्दै जिथं जिथं प्रवचनाला बसले, तिथं ती पहिल्या रांगेत. हात मांडीवर, नजर त्यांच्या ओठांवर. बोलणं नाही, खाकरणं नाही. पाऊस असो, कंबर धरलेली असो, बाई हजर. नहोराई घरी येऊन सांगायचा की रब्बी मध्येच अडखळतात, वाक्य अर्धं सोडतात, कानात नुसताच श्वास येतो. एकदा त्यांनी सेवकाला सांगून तिला मागं बसवायचा प्रयत्न केला. ती मागं बसली, आणि लोकांच्या डोक्यांमधून बघत राहिली. ते जास्त वाईट झालं. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच तिला पुढं बोलावलं.

मोठ्या उपवासाच्या आदल्या दिवशी आमच्यात एकमेकांची माफी मागतात. ज्याचं चुकलं त्यानं तीन माणसं घेऊन दारी जायचं. जब्दैही एका वर्षी आले, तीन शिष्य घेऊन. दारातून म्हणाले, बाई, कळत-नकळत काही चुकलं असेल तर पोटात घाला. ती सूत कातत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, ‘काय चुकलं?’ तिघे शिष्य रब्बींच्या तोंडाकडं बघायला लागले. रब्बींना एकाएकी आठवलं की दुसरीकडं जायचंय. पुढच्या वर्षी पुन्हा आले, पुन्हा तिनं तेच विचारलं, आणि पुन्हा तेच झालं. मग ते यायचे बंद झाले. मी भिंतीपलीकडं तोंडात पदर कोंबून हसत होते.

पण हसून काय होणार? ते वचन फिरत होतं. दूरच्या लोद गावाला गेलं, कैसरियाला गेलं, आणि गेलं ते जब्दैच्या नावानं. पोथी पुन्हा त्या जागी आली तेव्हा मी नहोराईला म्हटलं, अहो, एक नाव बदलायला काय होतंय? तो हबकलाच. म्हणाला, मी तोंड आहे, डोकं नव्हे. एकदा पदरचं घातलं तर पुन्हा माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? आठवडाभर मी त्याला खारट कालवण वाढलं. त्यानं मुकाट्यानं खाल्लं आणि शब्बाथला पुन्हा ‘रब्बी जब्दै म्हणतात’ म्हणूनच ओरडला. शप्पिरा त्याला काही बोलली नाही. तिचा राग एकाच माणसासाठी राखून ठेवलेला होता, त्यातला कणभरही ती दुसऱ्यावर सांडायची नाही.

वर्षं गेली. म्हातारपणी रब्बींच्या गळ्यात गाठ आली. आवाज गेला, नुसती फुसफुस उरली, आणि ती समजायची एकट्या नहोराईला, कारण त्याचे कान त्या ओठांना लागलेले होते. जेवण मागायचं तरी नहोराईला बोलवायला माणूस यायचा. आणि मरण दिसायला लागलं तशी जब्दैंना भीती वाटायला लागली. मेलेल्याचं चुकलं तर तीन माणसं पुरत नाहीत. दहा माणसं घेऊन थडग्यापाशी जायचं, दहाही जणांना ऐकू येईल असं सांगायचं की मी देवाचा आणि या अमक्याचा गुन्हेगार आहे, हे हे मी केलं. मग ते दहा जण म्हणतात, माफ. त्यांनी नहोराईच्या कानात सांगितलं की मला गुर्यानच्या थडग्याशी न्या, दहा माणसं गोळा कर, पण कशासाठी ते आधी कुणाला सांगू नको. तिथंही अब्रू जपायची होती, शेवटच्या घटकेपर्यंत.

नहोराईनं घरी येऊन आम्हा दोघींना सांगितलं. मला वाटलं, सुटली बाई एकदाची, आता गुर्यानचं नाव येईल. शप्पिरानं चाती खाली ठेवली. म्हणाली, ‘भाऊजी, नाव द्यायचं. माफी द्यायची नाही.’ नहोराई म्हणाला, एकात एक गुंतलेलं आहे, मी ते बोललो की दहा जण माफ म्हणणार आणि ती लागू पडणार. ती म्हणाली, ‘मग बोलू नका.’ त्यानं नियम सांगितला, आलेलं गाळायचं नाही. मग माझाच तोल गेला. म्हटलं, ‘त्या माणसाची चोरी तुम्ही आयुष्यभर गावभर ओरडून विकलीत आणि नियम आज आठवला?’ तो जेवला नाही, भिंतीकडं तोंड करून पडला. काय करणार ते सांगितलंही नाही.

सकाळी रब्बींना बाजेवर घालून टेकडीवर नेलं. दहा प्रतिष्ठित माणसं, मागं मी आणि शप्पिरा. लोकांना वाटलं, काय ही मैत्री, मरताना जोडीदाराला भेटायला आलेत. थडग्याशी बाज ठेवली. नहोराई वाकला, कान ओठांशी नेला. रब्बींनी फुसफुस केली. सगळे नहोराईकडं बघायला लागले.

नहोराई सरळ झाला आणि म्हणाला, ‘ऐकू येत नाही.’

मी त्याच्या शेजारी इतकी वर्षं झोपले, पण तो आवाज मला नवा होता. रब्बींनी त्याची दाढी धरून खाली ओढलं, पुन्हा बोलले. ‘ऐकू येत नाही.’ तिसऱ्यांदा ते इतका वेळ बोलले की मान ताठ झाली, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. दहांतला एक जण वाकून म्हणाला, गुर्यानचं नाव घेतायत बहुतेक. बाकीच्यांनी माना हलवल्या, केवढा जीव म्हणाले. नहोराईनं वळून शप्पिराकडं बघितलं. तिनं मान हलवली. नाही. मग तो तिसऱ्यांदा म्हणाला, ऐकू येत नाही.

काय बोलले ते त्यानं मला नंतर सांगितलं. पहिल्या वेळी म्हणाले, मी त्याचं नाव सांगायला विसरलो. ‘विसरलो’ हा शब्द कानात आला आणि माझं मन फिरलं, नहोराई म्हणाला, कारण इतकी वर्षं मी त्यांचं ऐकलंय, ते काहीही विसरत नाहीत. दुसऱ्या वेळी म्हणाले, ते आमच्या दोघांचं होतं. तिसऱ्या वेळी म्हणाले, मी चोरलं, सगळं त्याचं होतं, मी त्याच्या हातात हात देऊन शब्द दिला आणि चोरलं, शप्पिराला सांग, तिला सांग. मी विचारलं, मग तेव्हा तरी का नाही बोललात? तो म्हणाला, मी विचारलं की तिला, तुझ्या समोरच विचारलं.

तिसऱ्या दिवशी रब्बी जब्दै गेले. सगळी तिबेरिया चौकात जमली, तिरडी मध्ये, आणि मोठा माणूस गेला की त्याची वचनं सांगायची म्हणून नहोराईला पुढं केलं. जन्मात पहिल्यांदा त्याच्या कानाशी कोणी नव्हतं. त्यानं छाती भरून घेतली. ‘गुर्यान म्हणतो,’ असा आवाज दिला, ‘जवस बडवणारा गुर्यान म्हणतो, जमिनीला तोंड कशाला?’ आणि शेवटपर्यंत सांगितलं. माझ्या शेजारी शप्पिरा ताठ उभी होती. तिचे डोळे मिटलेले आणि तोंड उघडं, दातांमधली फट दिसत होती, तिला त्याची लाज नव्हती.

एकच गलका झाला. पट्टशिष्य पुढं आला, हे कुणाच्या अधिकारानं म्हणून विचारलं. नहोराई म्हणाला, रब्बींच्या स्वतःच्या. थडग्याशी माझ्या कानात सांगितलं, हे गुर्यानचं आहे, मी चोरलं. विचारा या दहांना, ते नाव घेत होते की नाही. दहा जणांनी एकमेकांकडं बघितलं आणि होय म्हणाले. मग त्यांतल्या एकाच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो ओरडला. म्हणजे ते माफी मागत होते, आणि आपण माफ म्हटलंच नाही.

मग धावाधाव. तिरडी तशीच ठेवून पट्टशिष्य शप्पिरापुढं आला, पाठोपाठ ते दहा. म्हणाले, बाई, तू त्याची विधवा, त्याच्या वतीनं तू बोल, एक शब्द पुरे, नाहीतर हा माणूस असाच मातीत जाईल. शप्पिरानं डोक्यावरचं वस्त्र नीट केलं.

‘गुर्याननं यांच्याकडून शब्द घेतला तेव्हा त्या खोलीत तिसरी मी एकटीच होते,’ ती म्हणाली. ‘ते सांगायला न्यायसभेत आले असते तर तुम्हीच म्हणाला असतात, बाईची साक्ष चालत नाही. मग बाईची माफी कशी चालेल?’

शेवटी तसंच पुरलं त्यांना. माफी नसलेल्याचं नाव घ्यायला लोक आता कचरतात. त्यांची स्वतःची वचनं चांगली होती, मीही ऐकलीत, पण ती सांगताना शिष्य म्हणतात, कुणीतरी म्हणतं. नहोराईला पाठशाळेतून काढलं, ते योग्यच होतं, त्यानं नियम मोडला होता. मग तो माझ्याबरोबर मासे विकायला बसायला लागला. गिऱ्हाईक तळ्याच्या पलीकडून यायचं, असा आवाज.

त्या दिवशी चौकातून आम्ही दोघी चालत घरी आलो. मी तिला विचारलं, बाई, इतकी वर्षं उराशी धरलेलं आज संपलं, आता आत रिकामं रिकामं वाटत असेल नाही? लोक तसं म्हणतात, सूड घेऊन काही मिळत नाही म्हणून.

‘मलाही तीच भीती होती,’ शप्पिरा म्हणाली. थोडं चालली, मग म्हणाली, ‘पण नाही गं. पोटभर जेवल्यासारखं वाटतंय.’

आणि घरी जाऊन तिनं माझ्याकडून मसूर मागून नेला, शिजवला आणि भाकरीबरोबर सगळा खाल्ला.